लेबलवरच्या गावाला कुलूप लावणार असाल, तर चित्रही काढा: प्रीमियम बिअरच्या मालकांना खुलं पत्र

प्रति,
संचालक मंडळ आणि जागतिक मार्केटिंग प्रमुख

विषय: मूळ ब्रुअरी बंद करण्याचा आणि त्यासोबतचे तीन निर्णय

सप्रेम नमस्कार.

आपल्या कंपनीचं पुढच्या काही वर्षांचं जागतिक धोरण गुंतवणूकदारांसाठी जाहीर झालं. ते कुणालाही वाचता येतं, म्हणून मीही वाचलं. रंगीत आलेखांच्या गर्दीत चार निर्णय विखुरलेले सापडले. ज्या ब्रुअरीचं चित्र लेबलवर आहे ती बंद होणार, चित्र मात्र राहणार. तपकिरी बाटली जाऊन पारदर्शक बाटली येणार, कारण सोनेरी रंग फळीवर उठून दिसतो. बिअर कधी भरली ती तारीख लेबलवरून जाणार आणि फक्त मुदतीची तारीख उरणार. आणि ‘निवडक बाजारपेठांत’ मद्यार्काचं प्रमाण थोडं खाली येणार. त्याची वेगळी घोषणा करावी असं काही तुम्हाला वाटलेलं दिसत नाही. याच कागदात जाहिरात आणि प्रायोजकत्वाचा खर्च वाढवला आहे, आणि किंमत कमी होणार नाही असा शब्दही गुंतवणूकदारांना दिला आहे.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी हे ठरवलं त्यांना पत्र कुणासाठी आहे ते एव्हाना कळलं असेल. आणि बाकीच्या कंपन्यांच्या संचालकांनी ‘हे काही आपल्याला नाही’ म्हणून सुटका करून घ्यावी, असं मला वाटत नाही.

माझा संबंध सांगते. तुमची बिअर लायसन्सवर बनवणाऱ्या एका ब्रुअरीच्या गुणवत्ता विभागात माझी नोकरी झाली. निवृत्त होईपर्यंत मी चव-परीक्षकांच्या पॅनेलवर होते. ती खोली तुमच्यापैकी फार जणांनी पाहिली नसेल. खिडकी नाही. दिवा लाल, कारण रंग पाहून चव ठरवायची नाही. समोर तीन पेले, प्रत्येकावर नुसता आकडा. दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. एक आमच्या टाकीतली, दुसरी मूळ ब्रुअरीतून मागवलेली. वेगळा पेला कोणता ते ओळखायचं, न बोलता कागदावर लिहायचं. पॅनेलला ओळखता आलं नाही की आम्ही खूश. ओळखता आलं की टाकी अडायची आणि मास्टर ब्रुअर स्वतः खाली यायचे. सकाळी कुणी अत्तर लावून आलं तर त्या दिवशी त्याला खोलीत प्रवेश नाही. यीस्टसुद्धा ठरावीक काळानं मूळ ब्रुअरीतून थंड डब्यांत यायचं, म्हणजे पिढ्या बदलता बदलता ते भलतीकडे जाऊ नये.

या सगळ्या खटाटोपाला माप एकच होतं: मूळ ब्रुअरीतली बिअर. ते मापच तुम्ही आता बंद करताय. उद्यापासून वेगवेगळ्या देशांतल्या पॅनेलनी आपापले पेले कशाशी जुळवायचे? एकमेकांशी? प्रत्येक कारखाना शेजारच्या कारखान्यापेक्षा केसभर वेगळा निघाला तर तो फरक कुणालाच खटकणार नाही, आणि काही वर्षांनी बिअर कुठल्या कुठे गेलेली असेल. तुमच्या धोरणात या प्रश्नावर एक ओळ नाही. लायसन्सवर काम करणाऱ्यांना हा प्रश्न पहिल्या दिवशी पडला असता. त्यांना विचारलं नाही, इतकाच त्याचा अर्थ.

एक गैरसमज होऊ नये. बिअर मूळ गावाबाहेर बनवण्याला माझा विरोध नाही. माझी रोजीरोटीच त्यावर चालली. बिअरमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं, ते जहाजातून पृथ्वीभर फिरवण्यात शहाणपण नाही, आणि जवळ बनलेली ताजी बिअर दुरून आलेल्या शिळ्या बिअरपेक्षा चांगलीच लागते. गिनेसकडे पाहा. १७५९ पासून डब्लिनमध्ये असलेल्या या कंपनीनं १९६२ साली लागोसमध्ये ब्रुअरी काढली. तिथली गिनेस डब्लिनच्या पाइंटसारखी लागत नाही. ती अधिक कडक आहे, स्थानिक धान्य वापरून बनते, आणि लोक ती आपली म्हणून पितात. ती डब्लिनहून बोटीनं आली असं कुणी सांगत नाही. सांगायची गरजच पडत नाही. तेव्हा अडचण दुसरीकडे बनवण्यात नाही. दुसरीकडे बनवायची आणि पैसे मात्र मूळ गावाचे घ्यायचे, इथंच घोडं पेंड खातं.

म्हणून पहिली तक्रार गावाचीच. लेबलवर गावाचं नाव, चिरेबंदी इमारत, स्थापनेचं साल. मागच्या बाजूला, बारकोडच्या खाली नखाएवढ्या जागेत, बाटली खरंच जिथं भरली तिथला पत्ता, आणि पुष्कळदा तोही एखाद्या अक्षराच्या संकेतात. कायद्याची अट पुरी होते, गिऱ्हाइकाला काही कळत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

हे कुठवर जातं ते बेक्सच्या प्रकरणात दिसलं. जर्मनीतल्या ब्रेमेनमध्ये १८७३ साली सुरू झालेली ही बिअर २०१२ पासून अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी सेंट लुइसमध्ये बनू लागली. जर्मन वारसा ठळक, अमेरिकेत बनल्याची ओळ बारीक, आणि बाटल्या खोक्यात असताना तीही झाकलेली. गिऱ्हाइकं कोर्टात गेली. २०१५ मध्ये तडजोड झाली: पावत्या असतील तर एका कुटुंबाला ५० डॉलरपर्यंत परतावा, नसतील तर १२ डॉलरपर्यंत. इतक्या मोठ्या कंपनीला ही चिल्लरच. पण तक्रार काय होती ते पाहा. बिअर वाईट आहे असं लोकांचं म्हणणं नव्हतं. आयात मालाचे पैसे घेतलेत आणि देशात बनलेला माल दिलात, एवढंच ते म्हणत होते.

त्याच्याही आधीची गोष्ट लोव्हेनब्रॉयची. १९७५ मध्ये मिलर या अमेरिकी बिअर कंपनीनं म्युनिकच्या या बिअरचे अमेरिकेतले हक्क घेतले आणि ती अमेरिकेतच, अमेरिकी पद्धतीनं बनवायला घेतली. बव्हेरियातल्या १५१६ च्या शुद्धतेच्या नियमाचं एवढं कौतुक, आणि त्याच नावाच्या बाटलीत त्या नियमात न बसणारे घटक. १९७७ मध्ये प्रतिस्पर्धी अन्हायझर-बुशनं संघीय व्यापार आयोगाकडे तक्रार नेली. (प्रतिस्पर्ध्याच्या पोटात ग्राहकांचा कळवळा होता असं कुणी समजू नये. पण मुद्दा खरा होता.) आयात बिअर म्हणून कमावलेली पत लोव्हेनब्रॉयला तिथं पुन्हा कधी मिळाली नाही.

न्यूकॅसल ब्राउन एलचा प्रकार तर ऐकूनही खरा वाटत नाही. ही बिअर न्यूकॅसलमध्येच बनते म्हणून युरोपियन संघानं २००० साली तिला भौगोलिक संरक्षण दिलं. २००५ मध्ये कंपनीनं उत्पादन टाइन नदीच्या पलीकडे गेट्सहेडला हलवलं. आता नियम आडवा आला, कारण बिअर न्यूकॅसलमध्ये बनत नव्हती. मग कंपनीनं स्वतःच अर्ज करून ते संरक्षण रद्द करून घेतलं. २००७ मध्ये ते गेलं. पुढे २०१० मध्ये उत्पादन यॉर्कशरमधल्या टॅडकास्टरला गेलं. नावातलं न्यूकॅसल तेवढं जागेवर राहिलं.

याच काळात उलटाही एक निर्णय झाला, तो तुम्ही मुद्दाम पाहावा. बेल्जियमच्या हुगार्डन गावातली पांढरी गव्हाची बिअर जवळजवळ नामशेष झाली होती. पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये ती पुन्हा उभी केली. २००५ मध्ये तिची मालक कंपनी इनबेव्हनं ही ब्रुअरी बंद करून उत्पादन जुपिल इथल्या मोठ्या कारखान्यात हलवायचं ठरवलं. गाव विरोध करायला रस्त्यावर उतरलं. २००७ मध्ये कंपनीनं निर्णय फिरवला आणि बिअर हुगार्डनमध्येच राहिली. त्यामुळे कंपनी बुडाली नाही; पुढच्याच वर्षी तिनं अन्हायझर-बुश ५२ अब्ज डॉलरना विकत घेतली. ‘आता फार उशीर झाला, निर्णय मागे घेता येत नाही’ असं मला कुणी सांगू नये.

दुसरी तक्रार बाटलीची, आणि इथं मी जरा सविस्तर लिहिणार आहे. कारण हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना तो रंगाचा प्रश्न वाटला, आणि तो रसायनशास्त्राचा आहे. हॉप्स या वेलीच्या फुलांमुळे बिअरला जो कडवटपणा येतो, त्यातल्या द्रव्यांवर निळा किंवा अतिनील प्रकाश पडला, की बिअरमधल्याच रायबोफ्लेविनच्या मदतीनं ती फुटतात आणि एक गंधकयुक्त संयुग तयार होतं. त्याचा वास उग्र असतो. उत्तर अमेरिकेतला स्कंक हा प्राणी शत्रूवर जी फवारणी करतो तिच्या जातकुळीतला. एका लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम पुरतात, माणसाच्या नाकाला लगेच कळतं. बिअर उन्हात ठेवली की बिघडते हे कार्ल लिंटनर या रसायनशास्त्रज्ञानं १८७५ मध्येच नोंदवलं होतं. तपकिरी काच हा प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फार थोडा, पारदर्शक जवळजवळ काहीच नाही.

प्रयोग करायला प्रयोगशाळा लागत नाही. तुमच्याच बिअरचे दोन स्वच्छ पेले भरा. एक कपाटात ठेवा, दुसरा थेट उन्हात. थोड्याच वेळात दोन्ही नाकाशी धरा. उन्हातला पेला दुसऱ्यांदा नाकाशी न्यावासा वाटणार नाही. आमच्याकडे नव्या मुलांना पॅनेलवर घेताना पहिल्या दिवशी हेच करायला लावत. संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीत, पारदर्शक बाटलीचा ठराव मांडण्याआधी, हे दोन पेले टेबलावर ठेवावेत ही माझी प्रामाणिक सूचना आहे.

यावर उपाय नाही असंही नाही. हॉप्सचा अर्क रासायनिक प्रक्रियेनं असा बदलता येतो की प्रकाशात त्याचं हे संयुग होत नाही. पारदर्शक बाटलीत बिअर विकणाऱ्या मिलरसारख्या कंपन्यांनी तो मार्ग धरला. पण मग चव बदलते, फेस बदलतो, आणि ‘पूर्वापार चालत आलेल्या पद्धतीनं, फक्त हॉप्सची फुलं वापरून’ हे तुमचं वाक्य जाहिरातीतून काढावं लागेल. बाटली तरी ठेवा, नाहीतर वाक्य तरी.

तिसरी, तारखेची. बिअरला काळ, उष्णता आणि प्राणवायू बिघडवतात. धंद्यात एक आडाखा आहे: ३२ अंश सेल्सिअसला तीन दिवस, २२ अंशांना तीस दिवस आणि ३ अंशांना तीनशे दिवस यांत बिअर साधारण सारखीच शिळी होते. म्हणजे गोदामात उन्हाळ्यात एखादा आठवडा काढलेली बाटली मुदतीच्या तारखेच्या कितीतरी आधी म्हातारी झालेली असते. तिला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येऊ लागते. मुदतीची तारीख कंपनी ठरवते, नऊ महिने किंवा वर्ष, आणि त्यावरून गिऱ्हाइकाला मागचा हिशोब करता येत नाही. भरल्याची तारीख असली की निदान वय तरी कळतं. अन्हायझर-बुशनं १९९६ पासून बडवायझरच्या बाटलीवर जन्मतारीख छापली आणि तिचीच जाहिरात केली. स्वस्त, सर्वसामान्य बिअरला जे जमलं, ते तिच्याहून अधिक पैसे घेणाऱ्या बिअरला का जमू नये? तारीख काढून टाकल्यानं फायदा एकालाच होतो: ज्याच्या गोदामात माल पडून आहे त्याला.

चौथी तक्रार गुपचूप केलेल्या बदलांची. १९७० च्या दशकात अमेरिकेत श्लिट्झ ही दुसऱ्या क्रमांकाची बिअर होती. खर्च वाचवायला त्यांनी आंबवण्याचा काळ घटवला, स्वस्त घटक आणले. तेही एकदम नाही, थोडं थोडं करत. प्रत्येक बदल आधीच्या बिअरशी ताडून पाहिला की नगण्यच वाटायचा. मग घटक लेबलवर लिहावे लागतील या भीतीनं बिअर नितळ ठेवणारं एक द्रव्य बदललं, आणि नवं द्रव्य फेस टिकवणाऱ्या दुसऱ्या द्रव्याशी भिडून बाटलीत पांढरे पापुद्रे तरंगायला लागले. १९७६ मध्ये सुमारे एक कोटी बाटल्या आणि कॅन गाजावाजा न करता परत मागवावे लागले. १९८२ मध्ये ती कंपनी स्ट्रो या दुसऱ्या बिअर कंपनीनं विकत घेतली. जाहिरातीवर त्यांनी कधी हात आखडता घेतला नव्हता.

तुमचं मद्यार्काचं प्रमाण याच वाटेनं चाललं आहे. ब्रिटनमध्ये १ ऑगस्ट २०२३ पासून साडेतीन टक्क्यांखालच्या बिअरला कर बराच कमी झाला, आणि काही ओळखीच्या बिअर ३.४ टक्क्यांवर येऊन थांबल्या. कमी मद्यार्काची बिअर वाईट असते असं नाही. तब्येतीला ती बरीच. पण कर वाचला, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) वाचलं, किंमत तीच, आणि गिऱ्हाइकाला आकडा वाचायला चष्मा लागतो. स्टेला आर्टुआ १९८२ पासून ब्रिटनमध्ये महाग असण्याचीच ऐट मिरवणाऱ्या घोषणेवर विकली गेली. मग सुपरमार्केटांत ती सवलतीच्या ढिगात येऊन पडली, मारामाऱ्यांशी नाव जोडलं गेलं, २००७ मध्ये ती घोषणा सोडावी लागली, आणि ५.२ टक्के मद्यार्क टप्प्याटप्प्यानं ४.६ पर्यंत उतरला. ऐट उभी करायला पाव शतक गेलं होतं.

बदल उघडपणे सांगता येतो, हेही झालेलं आहे. कार्ल्सबर्गनं २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये चक्क जाहिरात दिली की आपली बिअर बहुधा जगातली सर्वोत्तम नव्हती, म्हणून ती नव्यानं बनवली. ‘बहुधा जगातली सर्वोत्तम बिअर’ या १९७३ पासूनच्या ज्या घोषणेवर ब्रँड उभा होता तिलाच त्यांनी हात घातला. त्यात मार्केटिंगची चलाखी होतीच, पण बदल झाला हे लपवलं नाही.

कार्ल्सबर्गवरून आणखी एक. १८८३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हानसेन यांनी शुद्ध यीस्ट वेगळं करण्याची पद्धत शोधली. तिनं बॅच नासण्याचा सगळ्या धंद्याला लागलेला शाप दूर होणार होता. मालक जे. सी. जेकबसेन यांनी ती कुलूपबंद ठेवली नाही, प्रतिस्पर्ध्यांनाही दिली. जगातल्या जवळजवळ प्रत्येक लागर बिअरच्या मुळाशी ते औदार्य आहे, तुमच्याही. प्रीमियमची पत कशानं तयार होते याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही, आणि त्यात एकही फुटबॉल सामना नाही.

सामन्यांचंही थोडक्यात. २०२२ च्या विश्वचषकात बडवायझर अधिकृत प्रायोजक होती, १९८६ पासूनचं नातं. आणि सामने सुरू व्हायच्या दोन दिवस आधी कतारनं स्टेडियमजवळ मद्याची बिअर विकायला बंदी केली. भाड्यानं घेतलेल्या मंचावर आपली सत्ता नसते. तो पैसा ब्रुअरीत घातला असता तर कुणाच्या हुकमानं एका रात्रीत गेला नसता.

शून्य मद्यार्काच्या बिअरबद्दल मी जरा कडक बोलणार. ती बिअर म्हणून चांगली बनवलीत तर स्वागत आहे. गाडी चालवणाऱ्याला, औषध चालू असणाऱ्याला तिचा उपयोग आहे. पण मद्याच्या जाहिरातीला बंदी असलेल्या देशांत तोच लोगो, तोच रंग, तीच बाटली शून्याच्या आडून झळकवायची, हे फसवणुकीच्या फार जवळ जातं. फ्रान्समध्ये १९९१ च्या एव्हँ कायद्यामुळे हायनेकेनच्या नावाची रग्बी स्पर्धा ‘एच कप’ म्हणून खेळवावी लागली. कायद्याचा हेतू तिथं सगळ्यांना समजला होता. तुमच्या धोरणात शून्याची बिअर कुठं वाढवायची त्या देशांची यादी आहे, आणि ती जाहिरातबंदीच्या देशांशी कमालीची जुळते. मद्य हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींत, १९८८ पासून आहे. आयुष्यभर बिअर चाखून पोट भरलेली बाई हे लिहिते आहे, म्हणून ते ढोंगाचं समजू नये. मोठ्यांना विकायची वस्तू मोठ्यांनाच दिसू द्या.

आणि पाणी. मेक्सिकोच्या मेहिकालीमध्ये कोरोनाच्या अमेरिकी हक्कांची मालक कॉन्स्टलेशन ही कंपनी सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकांसाठी प्रचंड ब्रुअरी उभारत होती. प्रदेश कोरडा, शेतकरी संतापलेले. मार्च २०२० मध्ये लोकांचं मत घेतलं गेलं. मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७६ टक्के विरोधात गेले आणि बांधकाम बरंच पुढे गेलेला प्रकल्प थांबला. तुमच्या नव्या कारखान्यांच्या यादीत पाण्याचा उल्लेख एका तळटीपेत आहे. ती तळटीप तिथल्या लोकांच्या हाती पडेल तेव्हा काय होईल, याचा विचार आत्ताच करा.

जमाखर्च मला कळतो. या धंद्यात कंपन्यांनी कंपन्या गिळल्या. २०१६ मध्ये सॅबमिलरच्या खरेदीत शंभर अब्ज डॉलरच्या वर रक्कम गेली, आणि कर्जाच्या ओझ्यानं २०१८ मध्ये खरेदीदार अन्हायझर-बुश इनबेव्हला लाभांश निम्म्यावर आणावा लागला. कर्ज फेडायचं असेल तर कुठंतरी कात्री लागणार. पण ती कुठं लावायची हे तुम्ही निवडता. माल्ट, काळ, काच आणि जुनी ब्रुअरी यांना लावलीत. होर्डिंगला लावली नाहीत.

माझ्या मागण्या अशा आहेत.

मूळ ब्रुअरी लहान करा, हवं तर महिन्याला थोडक्याच टाक्या चालवा, पण चालू ठेवा; जगभरातल्या पॅनेलना ताडून पाहायला तिथलाच नमुना पाठवा. ते शक्यच नसेल तर इमारतीचं चित्र आणि गावाचं नाव लेबलच्या पुढच्या बाजूवरून काढा.

बिअर जिथं बनली ते ठिकाण आणि देश पुढच्या बाजूला, ब्रँडच्या नावाखालोखालच्या आकाराच्या अक्षरांत छापा. संकेत नको.

भरल्याची तारीख परत आणा, दिवस-महिना-वर्ष अशी, खोक्यावरही.

पारदर्शक बाटलीचा ठराव मागे घ्या. हट्टच असेल तर हॉप्सचा बदललेला अर्क वापरता हे लिहा.

मद्यार्क, घटक किंवा आंबवण्याचा काळ बदललात तर त्या बाजारपेठेत तो बदल लागू होण्याआधी जाहीर करा, आणि करात किती बचत झाली तेही सांगा. किंमत उतरवायची की नाही ते मग गिऱ्हाइकाशी बोला.

जाहिरातबंदी असलेल्या देशांत शून्याच्या बिअरला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र रूप द्या.

पाण्याच्या टंचाईच्या प्रदेशातल्या प्रत्येक नव्या कारखान्याचा पाणी-हिशोब परवानगी मागण्याआधी स्थानिक भाषेत प्रसिद्ध करा.

आणि शेवटी, दर वर्षीच्या अहवालात दोन आकडे शेजारी शेजारी द्या: जाहिरात-प्रायोजकत्वावर किती, गुणवत्ता विभागावर किती. गुंतवणूकदारांना एवढं कळायला हरकत नसावी.

उत्तर मला खासगीत पाठवू नका. धोरण जिथं जाहीर केलंत तिथंच, पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी द्या. निवृत्तीच्या वेळी मिळालेले थोडे शेअर माझ्याकडे आहेत. सभेला मी येणार आहे आणि याच क्रमानं प्रश्न विचारणार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त चव-परीक्षक